एफ-२ मधलं सर्वांत भरलेलं झाड एफ-६ मध्ये का हरवतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गव्हाच्या एका संकराची एफ-२, म्हणजे संकरानंतरच्या दुसऱ्या पिढीत, ३,००० झाडं लावली, ओळीत साधारण १० सेंटीमीटरवर एक. प्रत्येक झाड वेगळं कापलं, मळलं, दाणे तोलले आणि सर्वांत जास्त दाणे देणारी १५० झाडं पुढे नेली. एफ-३ आणि एफ-४ मध्ये प्रत्येक ओळीतलं सर्वांत जोमदार झाड उचललं. एफ-६ मध्ये वाफ्यांत चाचणी घेतली तेव्हा एकही ओळ तुल्यवाणाच्या, म्हणजे तुलनेसाठी सोबत पेरलेल्या वाणाच्या, पुढे गेली नाही, आणि बहुतेक ओळी उंच व उशिरा पक्व होणाऱ्या निघाल्या. निवड न झालेल्या झाडांचं एफ-३ बी एकत्र मळून शीतकोठीत ठेवलेलं आहे. सगळी निवड उत्पादनासाठीच केली होती, मग उत्पादन वाढलं का नाही?

तुमच्या प्रश्नातले "उंच आणि उशिरा" हे दोन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. उत्तर तिथंच आहे. तुमची निवड अगदी बरोबर लागू पडली आहे. फक्त ती उत्पादनावर न पडता शेजारच्या झाडाला दाबण्याच्या ताकदीवर पडली.

एफ-२ च्या शेतात प्रत्येक झाडाचा शेजारी वेगळ्या घडणीचा असतो. उंच झाड बुटक्यावर सावली धरतं. जास्त फुटवे फेकणारं झाड शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी आणि नत्र ओढून घेतं. उशिरा पक्व होणाऱ्या झाडाला लवकर वाळलेल्या शेजाऱ्याची मोकळी झालेली जागा मिळते. अशा झाडाच्या पिशवीत दाणे जास्त येणारच. पण तेच झाड वाण झालं, की त्याच्या चारही बाजूंना त्याच्यासारखीच झाडं उभी राहतात. आता ओरबाडायला कुणी दुबळा शेजारी नाही. सगळेच एकमेकांवर सावली धरतात, काडी लांबवण्यात अन्न घालवतात आणि वारा आला की लोळतात. एकट्या झाडाचं उत्पादन हा एक गुण आणि पिकाचं उत्पादन हा दुसरा. या दोघांचा संबंध कमकुवत असतो आणि कधीकधी चक्क उलटा.

हे जुनं निरीक्षण आहे. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथे सुनेसन यांनी जवाचे चार वाण समप्रमाणात मिसळून ते मिश्रण वर्षानुवर्षं निवड न करता पेरत नेलं आणि १९४९ मध्ये निष्कर्ष मांडले. सोळा वर्षांत ॲटलस नावाच्या वाणाने मिश्रण जवळजवळ पूर्ण व्यापलं. वॉन हा वाण, जो वेगळा पेरला की चौघांत सर्वाधिक उत्पादन द्यायचा, तो मिश्रणातून जवळपास संपला. भातातही जेनिंग्ज आणि डी जीझस यांनी १९६८ मध्ये हेच दाखवलं: उंच, पसरट वाण बुटक्या, जास्त उत्पादन देणाऱ्या वाणांना मिश्रणातून हुसकावून लावतात. एफ-२ हे असंच एक मिश्रण आहे, फक्त त्यात चारच्या जागी ३,००० प्रकार आहेत.

माझी स्वतःची एक आठवण सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका एफ-३ ओळीत मला एक झाड दिसलं. पुढे जाऊन परत मागे येऊन पाहावं असं झाड. मी गुडघ्यावर बसून ओंब्या मोजल्या, एकतीस भरल्या. लाल दोरी बांधली, वहीत दोनदा अधोरेखित केलं. काढणीच्या दिवशी ते झाड मुळाशी कापलं तेव्हा लक्षात आलं की त्याच्या एका बाजूला चार-पाच बिया उगवल्याच नव्हत्या आणि तिथं हातभर मोकळी जमीन होती. पानांनी झाकलेल्या जमिनीवर ही फट वरून दिसतच नव्हती. पुढच्या वर्षी त्याची ओळ दोन्ही शेजारच्या ओळींसारखीच होती. तेव्हापासून निवडीच्या झाडाला दोरी बांधण्याआधी मी त्याच्या बुंध्याशी दोन्हीकडे हात फिरवून पाहतो. तुमच्या १५० झाडांपैकी किती झाडं अशा फटीशेजारची, बांधाजवळची किंवा खत जास्त पडलेल्या पट्ट्यातली होती, याचा अंदाज आता लागणार नाही, पण ती संख्या लहान नसावी.

आता आकड्यांनी पाहू, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. समजा तुमच्या एफ-२ ची सरासरी झाडामागे २० ग्रॅम दाणे होती आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचं माप, ८ ग्रॅम. तुम्ही ३,००० मधून १५० घेतली, म्हणजे वरची ५ टक्के. या तीव्रतेच्या निवडीत निवडलेल्या झाडांची सरासरी मूळ सरासरीपेक्षा साधारण २.०६ प्रमाण विचलनांनी वर असते, म्हणजे १६.५ ग्रॅमनी. पिशव्या तोलताना ३६.५ ग्रॅमची सरासरी पाहून कुणालाही आनंद होईल. पण पुढच्या पिढीत पोहोचतो तो या फरकाचा आनुवंशिकतेइतकाच भाग. एका झाडाच्या दाण्याच्या वजनाची आनुवंशिकता ०.१ धरली, तर १६.५ पैकी १.६५ ग्रॅम पुढे जातात. बाकीचे जवळपास पंधरा ग्रॅम त्या जागेचे, त्या फटीचे, त्या ओलीचे होते. आणि जे १.६५ गेले, त्यातही मोठा वाटा उंची, फुटवे आणि उशिरा पक्वता यांचा, कारण दाटीत तेच झाडाला जिंकून देतात.

त्यात आणखी एक भर पडते. दोन्ही पालकांत वेगळं असलेलं प्रत्येक जनुकस्थान एफ-२ मध्ये सरासरीने ५० टक्के झाडांत मिश्र अवस्थेत, म्हणजे दोन्ही पालकांचं एकेक रूप घेऊन, असतं, एफ-३ मध्ये २५, एफ-४ मध्ये १२.५ आणि एफ-६ मध्ये ३ टक्क्यांच्या आसपास. मिश्र अवस्थेतून थोडाफार संकरजोम मिळत असेल, तर एफ-२ मधल्या तुमच्या आवडत्या झाडाचा तो जोम दर पिढीला अर्धा होत जातो. स्वपरागी पिकात तो बियाण्यात बांधून ठेवता येत नाही.

या सगळ्यावरून काहीजण सरळ म्हणतात, मग एफ-५ पर्यंत काहीच निवडू नका. मला हेही पटत नाही. उत्पादनात समजा २० जनुकस्थानं भाग घेतात आणि प्रत्येक ठिकाणी एका पालकाकडे चांगलं रूप आहे. सगळ्या २० ठिकाणी चांगल्या रूपाची दोनपैकी निदान एक प्रत तरी असलेलं झाड एफ-२ मध्ये साधारण ३१५ मध्ये एक सापडतं. एफ-३ मध्ये तेच प्रमाण सुमारे १२,००० मध्ये एक, एफ-४ मध्ये जवळपास एक लाखात एक, आणि पूर्ण शुद्ध झालेल्या ओळींत दहा लाखांहून जास्त ओळींत एक. वाट पाहत बसलं की चांगले संयोग हातातून निसटत जातात, हा १९६० च्या दशकात शेबेस्की यांनी मांडलेला मुद्दा अजून खरा आहे. प्रत्यक्षात कुणी २० पैकी २० गोळा करत नाही, १४-१५ जमली तरी वाण होतो. पण दिशा कळते: पूर्वपिढीत निवड हवी, मात्र त्या पिढीला जे दाखवता येतं त्याचीच.

एफ-२ ला काय दाखवता येतं, याचं माझं आवडतं उदाहरण आयआर-८ हा भात आहे. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९६२ मध्ये पीटर जेनिंग्ज यांनी पेटा या उंच वाणाचा डी-जिओ-वू-जेन या बुटक्या तैवानी वाणाशी संकर केला. तिथल्या संकरांच्या यादीत तो आठवा. एफ-२ मध्ये सुमारे १०,००० झाडं होती. बुटकेपणा एका अप्रभावी जनुकाचा, म्हणजे चारातलं एक झाड बुटकं. उंच आणि उशिरा पक्व होणारी झाडं काढून टाकली. त्या पिढीत कुणीही दाणे तोलून क्रम लावला नाही. पुढे एफ-४ मध्ये २८८ व्या ओळीतलं तिसरं झाड निवडलं गेलं आणि आयआर-८-२८८-३ हे नाव त्यावरूनच पडलं. १९६६ मध्ये तो प्रसारित झाला. ज्या उंच झाडांना तिथं पहिल्याच फटक्यात बाजूला केलं, तशाच झाडांना तुम्ही वजनकाट्यामुळे पुढे नेलंत.

म्हणून एफ-२ मध्ये पाहायचं ते उंची, फुलोऱ्याचे दिवस, तांबेरा, ओंबीची ठेवण, खोडाचा ताठपणा. हे गुण थोड्या जनुकांच्या हातात असतात किंवा एका झाडावरही भरवशाने दिसतात. आणि इथं चांगलं निवडण्यापेक्षा वाईट काढणं जास्त साधतं. डोळ्यांनी सर्वोत्तम दहा झाडं ओळखणं अनुभवी माणसालाही जमत नाही. सर्वांत वाईट तिसरा हिस्सा ओळखणं नवख्यालाही जमतं. एफ-२ मध्ये वजन पाहायचंच असेल, तर गार्डनर यांनी १९६१ मध्ये मक्यासाठी सुचवलेली चौकटींची रीत वापरा: शेताचे लहान चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातली वरची झाडं त्याच चौकोनातल्या झाडांशी तुलना करून घ्यायची. जमिनीचा चढउतार बराचसा निघून जातो. झाडाझाडांतली स्पर्धा मात्र तशीच राहते.

एफ-३ आणि एफ-४ मध्ये "प्रत्येक ओळीतलं सर्वांत जोमदार झाड" घेतलंत, ही दुसरी चूक, आणि मला ती पहिलीपेक्षा जास्त महाग वाटते. संकरातून शेवटी जेवढा आनुवंशिक फरक शुद्ध ओळींमध्ये उलगडतो, त्यातला निम्मा एफ-२ झाडांच्या कुटुंबाकुटुंबांमध्ये (एका झाडाची सगळी संतती म्हणजे एक कुटुंब) असतो आणि निम्मा कुटुंबांच्या पोटात. एफ-३ झाडापासून ओळ धरली तर कुटुंबांमधला वाटा ७५ टक्के होतो, एफ-४ पासून धरली तर ८७.५. तुम्ही प्रत्येक कुटुंबातून फक्त जोमावर एक झाड उचललं, म्हणजे पोटातला निम्मा फरक एका चुकीच्या चाळणीतून गाळला. आणि कुटुंबांमधला निम्मा फरक, जो सरासरी पाहून खरोखर पकडता आला असता, त्याकडे पाहिलंच नाही, कारण सर्व १५० कुटुंबं तशीच पुढे आली.

याउलट एक-बी पद्धत, म्हणजे सिंगल सीड डिसेंट, प्रामाणिक आहे. प्रत्येक एफ-२ झाडाची एक बी, त्या झाडाची पुन्हा एक बी, असं एफ-४ किंवा एफ-५ पर्यंत. शुद्ध करणं आणि निवडणं ही दोन कामं वेगळी करावीत, हा विचार गुल्डेन यांनी १९३९ मध्येच मांडला होता आणि ब्रिम यांनी १९६६ मध्ये सोयाबीनसाठी तो सोप्या रूपात रूढ केला. यात निवड नसल्यामुळे प्रगतीही नाही, पण उंच-उशिरा झाडांना फुकटचा फायदाही मिळत नाही. हरितगृहात रोज २२ तास प्रकाश देऊन गव्हाच्या वर्षाला सहापर्यंत पिढ्या घेता येतात, त्यामुळे ही पद्धत आता फार लवकर उरकते. डबल हॅप्लॉइड तंत्राने, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेलं रोप वाढवून तो संच दुप्पट करून, तर एका फेरीत शुद्ध ओळी मिळतात. गव्हात त्यासाठी मक्याचा पराग वापरतात.

शुद्ध झाल्यावर मात्र त्या ओळीच्या आत निवड करत बसू नका. जोहान्सन यांनी १९०३ मध्ये घेवड्याच्या १९ शुद्ध वंशांवर हे सिद्ध केलं: एकाच वंशातली मोठी बी पेरा की लहान, संततीचं सरासरी वजन तेच येतं. एफ-७ मधल्या ओळीतलं "सर्वांत चांगलं झाड" शोधणारे लोक मी आजही पाहतो. त्या झाडाला चांगली जागा मिळाली होती, एवढंच त्याचं सांगणं असतं.

आता घटक गुणांबद्दल, कारण तुम्ही पुढे विचाराल की उत्पादन थेट नको तर ओंबीची लांबी किंवा दाण्याचं वजन निवडू का. चौरस मीटरमध्ये ४०० ओंब्या, ओंबीत ३५ दाणे, दाणा ४० मिलिग्रॅम: म्हणजे ५६० ग्रॅम, हेक्टरी ५.६ टन. आता दाणे वाढवून ४२ केले आणि झाडाकडे भरायला तेवढंच अन्न असेल, तर दाणा सुमारे ३३.३ मिलिग्रॅमवर येतो आणि उत्पादन तेच, हेक्टरी ५.६ टन. एक घटक ओढला की दुसरा आत जातो. हजार दाण्यांच्या वजनाची आनुवंशिकता चांगली असते, म्हणून ते निवडायला सोपं. पण फक्त त्यावर जोर दिलात तर मोठ्या दाण्याच्या, कमी दाण्यांच्या ओळी हाती येतील. मी हजार दाण्यांचं वजन किमान मर्यादा म्हणून ठेवतो, शर्यत म्हणून नाही.

गव्हात उत्पादनाचा खरा धागा दर चौरस मीटरमधल्या दाण्यांच्या संख्येशी जास्त बांधलेला आहे, आणि ती संख्या फुलोऱ्याच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत ठरते, जेव्हा काडी आणि ओंबी एकाच अन्नासाठी झगडतात. बुटकेपणाची जनुकं इथंच काम करतात. नोरीन-१० या जपानी गव्हातून आलेल्या जनुकांनी काडीचा वाटा कमी केला आणि तो ओंबीला मिळाला, त्यामुळे जास्त फुलं दाण्यांपर्यंत पोहोचली. जुन्या उंच वाणांत एकूण वाळलेल्या वजनातला दाण्याचा वाटा ३०-३५ टक्के असायचा, आधुनिक वाणांत तो ४५-५० झाला. ऑस्टिन आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये त्याची वरची मर्यादा ६० टक्क्यांच्या थोडी वर असावी असा हिशोब मांडला, म्हणजे यापुढची वाढ एकूण वाळलेलं वजन वाढवूनच येणार.

हे शेतात कसं पाहायचं? पक्वतेच्या थोडं आधी ओळीच्या मधोमध, टोकाची झाडं सोडून, हाताच्या उंचीच्या मध्यम पाच ओंब्या घ्या. सर्वांत मोठ्या नकोत. ओंबीच्या मधल्या कणिशकांत (दाण्यांच्या छोट्या घोसांत) किती दाणे आहेत ते उघडून पाहा: दोनच, तीन, की चार. मग सर्वांत खालची दोन आणि वरची दोन कणिशकं दाबा. तिथं नुसतं भूस लागलं तर त्या ओळीला फुलं टिकवता आलेली नाहीत. ज्या ओळीत टोकापर्यंत दाणा लागतो आणि काडी आखूड असते, तिच्या नावापुढे मी टिंब काढतो. पाच ओंब्यांना दोन मिनिटं लागतात, आणि त्यातून जेवढं कळतं तेवढं एका झाडाच्या पिशवीच्या वजनातून कधीच कळत नाही.

तरीही अखेरचा निवाडा वाफ्यातच होतो, आणि वाफे कुठे घालायचे यात सर्वांत जास्त चुका होतात. समजा ओळींमधला आनुवंशिक फरक १ धरला, ओळ आणि ठिकाण यांच्या परस्परसंबंधाचा फरक १, आणि वाफ्याची चूक ४. एकाच ठिकाणी एक वाफा घेतला तर आनुवंशिकता १ भागिले ६, म्हणजे ०.१७. एका ठिकाणी आठ पुनरावृत्ती घेतल्या तर ०.४०. तेच आठ वाफे चार ठिकाणी दोन-दोन वाटले तर ०.५७. जमीन तेवढीच, बी तेवढंच, मजुरीही जवळपास तेवढीच. संशोधन केंद्रावरची सर्वांत सपाट, सर्वांत सुपीक जमीन सगळ्यांना आवडते, पण आठही वाफे तिथंच घातले तर तुम्ही त्या जमिनीसाठी वाण निवडता. गव्हाचे पैदासकार बोरलॉग यांनी मेक्सिकोत एकाच साहित्याच्या पिढ्या सोनोराच्या सखल खोऱ्यात आणि सुमारे २,६०० मीटर उंचीवरच्या टोलुकात आलटून-पालटून घेतल्या. हेतू वर्षाला दोन पिढ्या घेण्याचा होता, पण दिवसाच्या लांबीला न बांधलेले आणि तांबेऱ्याला दोन्हीकडे तोंड देणारे गहूच त्या चाळणीतून टिकले.

एफ-५ ला बी कमी असतं, पुनरावृत्ती परवडत नाही. अशा वेळी फेडरर यांची १९५६ ची ऑगमेंटेड रचना वापरा: नवीन ओळी एकेकदा, तुल्यवाण मात्र प्रत्येक गटात पुन्हा पुन्हा, आणि तुल्यवाणाच्या चढउतारावरून गटाची दुरुस्ती. ओळ एकेरी पेरू नका. एकेरी ओळीत शेजारची उंच ओळ सावली टाकते आणि तुम्ही पुन्हा स्पर्धेच्याच सापळ्यात पडता. निदान चार ओळींचा वाफा, आणि काढणी मधल्या दोन ओळींची. जीनोमिक निवडीबद्दल, म्हणजे डीएनएच्या खुणांवरून उत्पादनाचं भाकीत करून केलेल्या निवडीबद्दल, एकच सांगतो: ती चांगली आहे, पण तिचं शिक्षण याच वाफ्यांच्या आकड्यांवर होतं. आकडे एका ठिकाणचे असतील तर भाकीतही त्या ठिकाणचंच.

आता तुमच्यापुरतं. एफ-६ च्या ओळी फेकू नका, पण त्यांच्यावर आणखी हंगाम घालवू नका. त्यातल्या सर्वांत बुटक्या आणि लवकर पक्व होणाऱ्या दहा-बारा ठेवा, पुढच्या संकरात पालक म्हणून उपयोगी पडतील. खरी संपत्ती ते एकत्र मळलेलं एफ-३ बी आहे. उरलेल्या २,८५० झाडांचं ते बी आहे, म्हणजे तुमच्या चुकीच्या चाळणीतून न गेलेलं. त्यातून निदान १,५०० बिया विरळ लावा, तुल्यवाणापेक्षा उंच, आठवड्याहून जास्त उशिरा किंवा तांबेरा असलेलं प्रत्येक झाड फुलोऱ्याच्या सुमारास उपटून काढा, म्हणजे उरलेल्यांना त्यांची सावली लागणार नाही. राहिलेल्या प्रत्येक झाडाची एकच बी घेऊन एफ-४ करा. तिथं वर सांगितल्याप्रमाणे ओंब्या उघडून पाहा आणि तीनेकशे झाडं घ्या. एफ-५ ला ऑगमेंटेड रचनेत चार ओळींचे वाफे. बी पुरत नसेल तर एक हंगाम नुसतं वाढवण्यात घाला, घाई नको. खालचा निम्मा हिस्सा तिथंच सोडा. एफ-६ ला उरलेल्या दीडशे ओळी तीन किंवा चार ठिकाणी पेरा. वजनकाटा मात्र एफ-५ च्या वाफ्यांआधी बाहेर काढू नका.